सातशे चाळीस ग्रॅमचा शंख

नाव : श्री. दीनानाथ त्र्यंबक माईणकर. वय : अडुसष्ट पूर्ण. मूळ गाव : मिरज. हल्ली मुक्काम : फरीदाबाद, दुसरा मजला, लिफ्ट नाही. व्यवसाय : सेवानिवृत्त. बांधा : सडपातळ, दिसण्यात फसवा. ओळख पटवण्याची खूण : पोटातील महाधमनीस फुगवटा, रुंदी चार पूर्णांक सहा सेंटिमीटर, बाहेरून दिसत नाही. भारवहन क्षमता : पाच किलोपर्यंत, तीही कुटुंबप्रमुखांच्या पूर्वपरवानगीने. कुटुंबप्रमुख : सौ. कुमुदिनी.

हा फुगवटा सापडला तो चुकून. गेल्या मे महिन्यात दीनानाथरावांच्या कुशीत कळ आली म्हणून मूतखडा शोधायला सोनोग्राफी केली. मूतखडा नव्हताच. कळही रिक्षातून उतरेपर्यंत गेली होती. पण मशीनवरची मुलगी ‘अंकल, एक मिनट रुकिए’ म्हणाली आणि दहा मिनिटं काहीच बोलली नाही. नंतर तिने मोठ्या मॅडमना बोलावलं. मोठ्या मॅडमही काही बोलल्या नाहीत. दीनानाथराव छताकडे बघत पडले होते. आपल्याकडे इतक्या बारकाईने याआधी कुणी कधी पाहिलं होतं ते त्यांना आठवेना.

दिल्लीच्या मोठ्या हॉस्पिटलातला सर्जन त्यांचा मुलगा राघव याच्यापेक्षाही लहान दिसत होता. त्याने कागदावर एक नळी काढली, मधोमध ती फुगवली आणि पेन उलटं करून त्यावर ठोकलं. दीनानाथरावांनी चित्र नीट पाहून सांगितलं, की फुगा असा दोन्ही बाजूंनी सारखा येत नाही, भिंत जिथे कच्ची तिथे जास्त येतो. सर्जनने चित्र दुरुस्त केलं.

दीनानाथरावांचा यात अधिकार होता. फरीदाबादच्या एका कारखान्यात तेहतीस वर्षं ते रबरी होजपाईप तपासत होते. पाईपात पाणी भरायचं, दोन्ही तोंडं बंद करायची आणि दाब वाढवत न्यायचा, तो कुठे फुगतो आणि कितीला फाटतो हे बघायला. फुगला की पिवळा खडू, आणि रिजेक्ट. ठेकेदाराची माणसं गयावया करायची, ‘साहब, चल जाएगा.’ त्यावर दीनानाथरावांचं एकच उत्तर ठरलेलं असे, ‘चलेगा. जब तक चलेगा.’

सर्जनने मात्र रिजेक्ट केलं नाही. साडेपाच सेंटिमीटरच्या पुढे गेला तर ऑपरेशन, तोवर दर सहा महिन्यांनी मोजायचं, असं ठरलं. निघताना तो म्हणाला, ‘अंकल, तीन बातें. भारी वजन नहीं उठाना. सांस रोक के जोर नहीं लगाना, इसलिए कब्ज भी नहीं होने देना. और बीपी की गोली कभी नहीं छोडनी. बाकी चलिए, फिरिए, मस्त रहिए. हां, पेट या पीठ में अचानक तेज दर्द हो, तो सीधे इमर्जन्सी.’

कुमुदिनीबाईंनी लगेच विचारलं, ‘भारी मतलब कितना?’

‘समझ लीजिए, पांच किलो.’

इथे घोटाळा झाला. कुमुदिनीबाईंनी पहाडगंजच्या मराठी शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं होतं. आकडा हाती लागला की बाकीचं सगळं त्यांना निबंधासारखं वाटे. घरी येताच त्यांनी स्वयंपाकघरातला वजनकाटा पुसून ओट्याच्या मध्यभागी मांडला, आणि त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू दीनानाथरावांच्या हाती जाण्याआधी काट्यावरून जाऊ लागली. कणकेचा डबा, नामंजूर. इस्त्रीचे कपडे, दोन खेपांत मंजूर. कलिंगड कापून मंजूर. डॉक्टरांचा दुसरा नियम त्यांनी संडासापुरता मर्यादित केला, पण त्यातही कुचराई केली नाही. रात्री इसबगोल, सकाळी पपई, आणि सात वाजता संडासाच्या दाराबाहेर त्या स्वतः.

‘अहो, जोर नका लावू हं!’

‘नाही लावत.’

‘मग आवाज कसला आला?’

‘नळाचा. अगं, जा ना तू.’

समोरच्या बाल्कनीतल्या खुराना भाभींना मराठी येत नव्हतं, पण एवढं कळत होतं.

पहिला महिना दीनानाथरावांना जड गेला. मग त्यांना या दुखण्याचे गुण दिसू लागले. मंडईत कुमुदिनीबाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन पुढे आणि हे मागून हात मोकळे सोडून, मधूनच एखादा टोमॅटो दाबून पाहत. ‘भाईसाब तो बिल्कुल नवाब हो गए!’ असं खुराना भाभी म्हणाल्या, तेव्हा त्यांनी नवाबासारखी मान हलवली. दिवाळीच्या साफसफाईतून ते सुटले. माळ्यावरच्या बॅगांतून सुटले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडण पेटलं, की ते पोटावर हात ठेवून उठत आणि सगळे अदबीने वाट करून देत. नावडत्या नातेवाइकाचा फोन आला, तर ‘जास्त बोलायचं नाहीये त्यांनी’ असं कुमुदिनीबाई परस्पर सांगत. असं कुठल्याही डॉक्टरने म्हटलं नव्हतं. दीनानाथरावांनी ते दुरुस्त केलं नाही.

तोटे होतेच. चपला घालायला वाकताना एकदा त्यांच्या तोंडून ‘आई गं’ निघालं, तर दुसऱ्या पायात चप्पल जाईपर्यंत कुमुदिनीबाईंनी टॅक्सी बोलावली होती. लोणच्याच्या बरणीचं झाकण फिरवताना सापडले, तेव्हा नॉयडाहून राघवचा व्हिडिओ कॉल आला.

‘बाबा, प्लीज यार! झाकणासाठी?’

‘अरे, बरणी रिकामी होती. शंभर ग्रॅमसुद्धा नसेल.’

‘मग उघडत कशाला होतात?’

उघडत होते, कारण ती उघडत नव्हती.

डिसेंबरात पुष्करचा फोन आला. पुष्कर म्हणजे सह्याद्री स्नेहमंडळाचा सेक्रेटरी, पुण्याचा, गुडगावात कुठल्याशा कंपनीत मॅनेजर. फरीदाबाद-गुडगावातली पाच-पन्नास मराठी घरं या मंडळात होती. दर चौदा जानेवारीला मंडळाची बस पानिपतला जाई, काला अंबच्या स्मारकाशी मानवंदना देई आणि वाटेत परोठे खाऊन परत येई. मानवंदनेची सुरुवात शंखाने व्हायची, आणि गेली एकतीस वर्षं तो शंख दीनानाथराव फुंकत होते.

‘काका, टेन्शन नॉट. तुम्हाला बसमध्ये पुढची सीट. उतरल्यावर खुर्ची. पाण्याची बाटलीपण मी धरेन. तुम्ही काहीही उचलायचं नाही. फक्त शंख.’

‘फक्त शंख,’ दीनानाथराव म्हणाले.

कुमुदिनीबाईंनी देवघरातून शंख काढला आणि काट्यावर ठेवला. सातशे चाळीस ग्रॅम.

‘हात्तिच्या,’ त्या म्हणाल्या. ‘मंजूर.’

दीनानाथरावांनी शंख काट्यावरून उचलून पुन्हा देवघरात ठेवला. त्यांना डॉक्टरांचा दुसरा नियम अक्षरशः पाठ होता. श्वास कोंडून जोर लावायचा नाही. शंख फुंकणं म्हणजे दुसरं काय असतं? आधी पोट भरून श्वास घ्यायचा आणि मग तो एका सुपारीएवढ्या भोकातून, गळ्याच्या शिरा तट्ट होईपर्यंत, बावीस सेकंद रेटायचा. पण घरातल्या कुणाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं. शंख देवघरातला. त्याचं वजन होतं, ते मोजलं होतं, ते बसत होतं. देवाच्या वस्तूला जोर लागतो असं कुणाला वाटत नाही. आणि जे कुणी विचारलं नाही ते आपण होऊन सांगायला दीनानाथराव काही बांधील नव्हते.

तेहतीस वर्षं कारखान्यात ‘मैनकर साब’ म्हणून हाक येई, तीही बहुधा कुलपाच्या किल्लीसाठी. घरी सगळं बोलणं कुमुदिनीबाईंचं. राघव लहान असल्यापासून त्यांच्यापेक्षा हुशार. वर्षातले बावीस सेकंद फक्त असे होते, की तीन-चार डझन माणसं थंडीत गप्प उभी राहून दीनानाथ माईणकर या माणसाकडे बघत. तो थांबला की मग बाकीच्यांना हलता येई. वर्षाच्या तीन कोटी पंधरा लाख छत्तीस हजार सेकंदांतून माणसाने बावीस मागितले, तर ते फार नाहीत, असं ते स्वतःला सांगत. सरासरी काढली तर काहीच नाहीत.

पण फाटणारी वस्तू सरासरीला फाटत नाही, हेही त्यांना माहीत होतं.

म्हणून एका दुपारी कुमुदिनीबाई भाजीला गेल्यावर त्यांनी चाचणी घेतली. बीपीचं मशीन टेबलावर मांडलं, दंडाला पट्टा बांधला. बसल्या जागी एकशे सव्वीस. उत्तम. मग खुराना भाभींना ऐकू जाऊ नये म्हणून शंखाच्या पोटात नॅपकिन कोंबला, बटण दाबलं, आणि फुंकला. मशीनने एरर दाखवला. पुन्हा फुंकला. पुन्हा एरर. तिसऱ्या वेळी आकडा आला. एकशे ब्याऐंशी.

दीनानाथरावांनी दंडाचा पट्टा सोडला. जुन्या सवयीने त्यांनी तो आकडा वर्तमानपत्राच्या कडेला लिहिला, वेळ टाकली, खाली सही केली. त्यांच्या टेस्टिंग रूमच्या भिंतीवर त्यांनीच रंगवून घेतलेली पाटी होती : ‘फूला हुआ पाइप दोबारा टेस्ट न करें.’ फुगलेला पाईप मजबूत आहे का हे बघायला पुन्हा दाब दिला, की तो त्याच वेळी फाटतो, एवढी साधी गोष्ट. ही पाटी न वाचणाऱ्या दोघांना त्यांनी घरी बसवलं होतं. आता ते स्वतःच तीनदा दाब देऊन बसले होते.

मग त्यांनी तो कागदाचा तुकडा फाडला, त्याचे बारके कपटे केले आणि कुंडीत पुरले. रिपोर्ट दडवण्याचा हा त्यांच्या आयुष्यातला पहिलाच प्रसंग. कुंडी साडेसहा किलोची होती, पण ती त्यांनी उचलली नाही.

चौदा जानेवारीला पहाटे बस निघाली. धुकं असं होतं की ड्रायव्हरला पुढचा ट्रक दिसत नव्हता आणि दिसला तेव्हा फारच दिसला. दीनानाथरावांना पुढची सीट मिळाली होती. मागे मंडळाचे अध्यक्ष तात्याराव, वय चौऱ्याहत्तर, सगळ्यांना पानिपतचा इतिहास सांगत होते. शेजारी कुमुदिनीबाई. त्यांच्या मांडीवर दीनानाथरावांचा थर्मास, दीनानाथरावांची शाल, औषधांचा डबा, रिपोर्टांची फाईल, पपईच्या फोडी, जादा स्वेटर आणि तांबड्या कापडात गुंडाळलेला शंख.

‘दे की थोडं माझ्याकडे,’ दीनानाथराव म्हणाले.

‘गप्प बसा. सगळं मिळून सात किलो भरलंय.’

‘मग शंख तरी दे.’

‘तो उतरल्यावर. उगाच आत्तापासून कशाला ताण?’

दीनानाथराव खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर काही दिसत नव्हतं.

काला अंबला पोचेपर्यंत धुकं जरा विरलं होतं. मैदानात ठिकठिकाणांहून आलेली मंडळी आपापल्या झेंड्याखाली उभी होती. स्नेहमंडळ एका कडेला गोळा झालं. पुष्करने बॅटरीवरचा लाऊडस्पीकर सुरू केला, दीनानाथरावांना हात धरून खुर्चीवर बसवलं, हात धरून उठवलं, त्यांच्या हातात शंख दिला आणि माईक त्यांच्या तोंडाजवळच्या स्टँडला अडकवला, म्हणजे शंखाचा आवाज लांबवर जावा.

‘दीनानाथकाकांना मोठं आजारपण आहे,’ पुष्करने सगळ्यांना ऐकवलं, ‘तरीसुद्धा ते आज इथे उभे आहेत. काका, प्लीज.’

चौतीस माणसं गप्प झाली. बहुतेकांनी मोबाइल वर धरले. दीनानाथरावांनी शंख ओठांना लावला आणि खोल श्वास घेतला. श्वास पोटापर्यंत उतरला, तेव्हा त्यांची नजर सवयीने समोर गेली. दाब वाढवण्याआधी समोर कुणी नाही ना, हे बघायचं असतं. प्रत्येक वेळी. समोर उभं राहायचं नाही, बाजूच्या जाळीमागे जायचं, हा त्यांच्या खोलीतला पहिला नियम होता.

समोर दोन हातांवर कुमुदिनीबाई उभ्या होत्या. दोन्ही खांद्यांवर पिशव्या, काखेत फाईल, गळ्यात थर्मास. खांदे ओझ्याने खाली आले होते. मे महिन्यापासून ते असेच होते, हे दीनानाथरावांना आत्ता दिसलं. त्या त्यांच्याकडे बघून मान डोलावत होत्या, फुंका फुंका म्हणून.

दीनानाथरावांनी घेतलेला श्वास हळूच नाकाने सोडून दिला आणि शंख खाली घेतला.

‘काय झालं काका?’ पुष्कर कुजबुजला.

‘नाही जमायचं.’

कुमुदिनीबाई पिशव्यांसकट पुढे आल्या. ‘अहो, दुखतंय का? पाठ? पोट?’

‘काही दुखत नाहीये. शंख नको फुंकायला.’

‘नको काय? मी स्वतः मोजलाय. सातशे चाळीस ग्रॅम!’

‘अगं, वजनाचं नाही ते. फुंकायला जोर लागतो. श्वास कोंडून. डॉक्टर दुसरं काय म्हणाले होते?’

कुमुदिनीबाईंचा चेहरा आधी कोरा झाला. मग त्यांनी मनातल्या मनात गणित सुरुवातीपासून सोडवलं, आणि ते सुटलं तसा त्यांचा रंग बदलत गेला.

‘म्हणजे तुम्हाला माहीत होतं?’

‘होतं.’

‘कधीपासून?’

‘मे महिन्यापासून.’

‘आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत!’ त्यांचा आवाज चढला. माईक सुरूच होता. ‘मी रोज सकाळी सात वाजता संडासाच्या दाराशी उभी असते, जोर लावू नका म्हणून ओरडत! आठ महिने! इसबगोल भिजवतेय, पपया कापतेय! आणि हा माणूस इथे पानिपतावर येऊन जोर लावणार होता!’

लाऊडस्पीकर चांगल्या प्रतीचा होता. शेजारच्या झेंड्याखालची मंडळी वळून बघू लागली. पलीकडे कुणीतरी हिंदीत विचारलं, काय झालं, आणि कुणीतरी उत्तर दिलं, ‘अंकल को कब्ज है.’

‘काकू, माईक,’ पुष्कर म्हणाला.

‘असू दे माईक! घरी एकदा फुंकून बघितला असेल यांनी, मी ओळखते!’

‘तीनदा,’ दीनानाथराव म्हणाले. एकदा रिपोर्ट द्यायचा तर पुरा द्यावा. ‘एकशे ब्याऐंशी आलं.’

कुमुदिनीबाईंनी गळ्यातला थर्मास काढला, दीनानाथरावांच्या गळ्यात अडकवला आणि म्हणाल्या, ‘धरा. साडेआठशे ग्रॅम आहे. एवढं झेपेल.’ मग त्यांनी त्यांच्या हातातला शंख काढून घेतला आणि पुष्करच्या हाती कोंबला.

पुष्कर जिमला जाणारा होता. त्याने छाती भरली, गाल फुगवले आणि सगळा जीव ओतला. शंखातून रबर गेलेल्या कुकरसारखा फुसकारा आला. दुसऱ्यांदाही तोच. तात्याराव म्हणाले, आण इकडे, आमच्या लहानपणी घराघरांत शंख वाजायचा. त्यांनी फुंकला, तेव्हा आवाज आला नाही, पण वरची कवळी जागची हलली आणि त्यांना पाठ फिरवून काही वेळ उभं राहावं लागलं. आणखी दोघांनी प्रयत्न केले. दीनानाथराव खुर्चीत बसून सूचना देत होते, ‘ओठ आवळा. गाल नाही, ओठ,’ आणि त्यांना नवल वाटत होतं, की सगळे जण त्यांचं ऐकत होते. फरक पडत नव्हता, पण ऐकत होते.

वीस मिनिटांनी पुष्करने हात टेकले आणि घोषणा दिली. ‘हर हर महादेव!’ सगळ्यांनी उत्तर दिलं. दीनानाथरावांनीही दिलं, पण फोनवर कुणाला पत्ता सांगावा तशा आवाजात. कुमुदिनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

‘एवढं चालतं,’ ते म्हणाले. ‘श्वास कोंडत नाही यात.’

‘आता मला काही सांगू नका. सोमवारी डॉक्टरांकडे जाऊन मी स्वतः विचारणार आहे. यादी घेऊन. शिंक, खोकला, हसणं, सगळं.’

‘हसायला काय होतंय?’

‘ते डॉक्टर ठरवतील,’ कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि पपईच्या फोडींचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला. दीनानाथरावांनी एक फोड घेतली. मग न विचारता कुमुदिनीबाईंच्या पिशवीतून औषधांचा डबा आणि काखेतून फाईल काढून आपल्या मांडीवर ठेवली. त्यांनी अंदाजाने मोजलं, दीड किलो. कुमुदिनीबाईंनी ते पाहिलं, ओठ हलवून बेरीज केली आणि पपईचा डबा पुन्हा पुढे केला.

फेब्रुवारीत मंडळाचं पत्रक आलं. त्यात तात्यारावांच्या सहीने वृत्तान्त होता : ‘दि. १४ जानेवारी रोजी काला अंब येथे मंडळाच्या वतीने मानवंदनेचा कार्यक्रम शिस्तबद्ध रीतीने संपन्न झाला. मंडळाचे ज्येष्ठ सदस्य श्री. दीनानाथ माईणकर यांच्या धीरगंभीर शंखनादाने कार्यक्रमास प्रारंभ झाला व समस्त आसमंत दुमदुमून गेला. उपस्थितांच्या अंगावर रोमांच उभे राहिले.’

शंख वाजला नाही.